शून्यता आणि अर्धा कोयता

मी पदार्थविज्ञान शिकवते. वर्षातून दोनतीनदा कुठल्या तरी कॉलेजात मला ‘बौद्ध शून्यता आणि क्वांटम’ या विषयावर बोलायला बोलावतात. भाषण संपलं की पहिल्या रांगेतले कुणी तरी पाहुणे उठतात आणि म्हणतात, म्हणजे हे सगळं आपल्याकडं आधीच होतं तर. माझं डोकं फिरतं. होतं तर मग ट्रान्झिस्टर का नाही केला, असं अगदी ओठावर येतं. ते गिळून मी सांगते की दोन्हीकडं एक प्रश्न सारखा आहे, पण वाटा वेगळ्या आहेत. एकीकडं प्रयोग आणि गणित, दुसरीकडं माणसाचा मीपणा. लोक माना डोलावतात आणि चहाला जातात. मी मात्र खडू हातात धरून तिथंच घोटाळत राहते, कारण या विषयाशी माझं एक जुनं प्रकरण आहे आणि ते मला आजवर एकाही भाषणात सांगता आलेलं नाही.

आमचं गाव गेवराई तालुक्यात, तलवाड्याच्या बाजूला. जमीन होती, पण पावसाच्या मर्जीवरची, त्यामुळं दिवाळीच्या आगंमागं आई आणि अण्णा ऊसतोडीला जायचे, तिकडं पश्चिमेच्या एका सहकारी कारखान्यावर. आम्ही दोघी बहिणी मागं चुलतीजवळ राहायचो. मी थोरली, धाकटी माझ्याहून सहा वर्षांनी लहान.

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. कोयता म्हणजे जोडी, बहुतेक वेळा नवराबायकोची. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. मजूर गोळा करणारा मुकादम विचारतो, ‘किती कोयते?’ आणि दोन माणसं मिळून उत्तर येतं, एक. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. माझे वडील, अण्णा, चांगले सहा फूट उंच, दारातून आत येताना वाकायचे, तरी एकटे असले की अर्धेच. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत होते आणि त्यात काही विचित्र आहे असं गाव सोडेपर्यंत मला वाटलं नव्हतं.

अंबाजोगाईला मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी दडी मारून बसला होता. वसतिगृहाजवळ पाली भाषेचे एक निवृत्त सर राहायचे. रविवारी सकाळी येईल त्याला ते बौद्ध तर्क शिकवायचे. फी काही नाही, अट एकच, समजलं नसेल तर मान डोलवायची नाही. पहिल्याच रविवारी त्यांनी मला विचारलं, “तुमच्या गावात दूध सोसायटी हाय का?”

“होती. दुष्काळात बंद पडली.”

“पाटी हाय का अजून?”

“पाटी आहे.”

“कॅन? चेअरमन?”

“कॅन आहेत. चेअरमन पण आहेत.”

“मग सोसायटी कुठं गेली?”

मी म्हटलं, दूध यायचं थांबलं. त्यावर ते म्हणाले, “म्हंजे दूध म्हंजे सोसायटी? तुमच्या घरातल्या पातेल्यातलं दूध सोसायटी असतं का?” मग त्यांनी सावकाश उलगडून सांगितलं. सोसायटी पाटीत नाही, कॅनमध्ये नाही, चेअरमनमध्ये नाही आणि या सगळ्यांच्या बाहेर वेगळी अशी कुठं ठेवलेली पण नाही. गाई, गवत, पाऊस, पहाटे उठणाऱ्या बाया, गाडी वेळेवर आणणारा ड्रायव्हर, हे सगळं एकमेकांना धरून असतं तोवर ती असते. स्वतःच्या बळावर ती कधीच नव्हती. असं स्वतःच्या बळावर नसणं म्हणजे शून्यता. “आता नीट ध्यानात ठेव,” ते म्हणाले, “शून्य म्हंजे न्हाई, असं न्हाई. सोसायटी बंद पडल्यावर तुझ्या आईला त्याचा चटका बसला का न्हाई?” बसला होता. आमच्या दोन्ही गाई त्याच उन्हाळ्यात गेल्या होत्या.

त्याच आठवड्यात वर्गात जोडीच्या कणांचा धडा लागला. दोन कण एकाच घटनेतून निघतात आणि लांब जातात. दोघांचं मिळून वर्णन अगदी पक्कं असतं; त्यातल्या एकट्याबद्दल विचाराल तर पक्कं असं काही नसतं. मॅडम फळ्यावर समीकरण लिहीत होत्या. मला पहिल्यांदा आठवला तो मुकादम. त्याचा प्रश्नच असा की उत्तरात जोडी येते, माणूस येत नाही. तुम्ही जसं विचाराल तसं तुम्हाला सापडेल, हे क्वांटमवाले सांगत होते आणि पालीचे सर पण जवळजवळ हेच म्हणत होते. तीनचार दिवस मला नीट झोप लागली नाही. मेसमध्ये जेवताना शेजारणीला समजावून सांगायची, ती डाळ ओतून घ्यायची. आपल्याला काही तरी मोठं सापडलंय, अशा गुर्मीत मी हिंडत होते.

आणि त्याच गुर्मीत असताना अण्णा आले.

धुतलेला शर्ट, हातात पिशवी, पिशवीत दुष्काळातली बारकी सीताफळं. वसतिगृहाच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो. त्यांनी आईचं सांगितलं. गावच्या विहिरीत टँकर पाणी सोडायचा आणि सोडला की सगळ्यांच्या बादल्या एकदमच आत पडायच्या. त्या रेटारेटीत आई काठावरून घसरली होती. मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघाल्यावरही हंगामभर जड उचलायचं नाही, असं सरकारी दवाखान्यात सांगितलं होतं.

“टोळी पंधरा दिसांत निघती,” अण्णा म्हणाले. “मुकादमाला एक कोयता सांगितलेला हाय. यंदा अर्ध्याला कुनी घेत न्हाई. दुष्काळानं गडी लई झालेत.”

मी पिशवीतली सीताफळं मोजत बसले.

“तुझी परीक्षा फुडच्या साली देता येती का? नुसतं इचारून बघ. एक हंगाम.”

देता आली असती. अर्ज करायचा होता, आमच्या वर्गातल्या एकीनं आजारपणासाठी केलाही होता. मला ते माहीत होतं. पण मी अण्णांना शून्यता समजावून सांगायला लागले. आज हे लिहिताना कानशिलं तापतात. मी म्हटलं, “अण्णा, कोयता असं काही नसतंच. ती मुकादमाची मोजायची तऱ्हा. त्यानं प्रश्न तसा विचारला म्हणून तुम्ही अर्धे दिसता. अर्धा पण नाही आणि पूर्ण पण नाही, नुसतं नाव दिलेलं आहे.” आणखी बरंच बोलले. कणांचं सांगितलं. गावातल्या सोसायटीचं सांगितलं. सरांची अक्कल उसनी घेऊन मी ती सहा फुटांच्या थकलेल्या माणसावर पाजळत होते आणि मला वाटत होतं, बघा, आपण वडिलांना किती सोपं करून सांगतोय.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “बरं,” म्हणाले. मग विचारलं, “जेवतीस ना येळेवर?” आणि दुपारच्या एसटीनं गेले. धाकटीचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही.

पुढच्या रविवारी मी ही हकिकत सरांना मोठ्या उत्साहानं सांगितली. त्यांनी कौतुक करावं, असं मला वाटत होतं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, “मग वडलांनी काय केलं?”

“माहीत नाही,” मी म्हटलं.

“ही शून्यता आपल्या मीपणाला लावायची असती, बाई. दुसऱ्याच्या अडचणीला लावली का नुसती पळवाट व्हती.” एवढंच बोलून त्यांनी पुढचा पाठ सुरू केला. मला राग आला. दोन रविवार मी गेले नाही.

दिवाळीला घरी गेले तर आमच्या घराला कुलूप. आई प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून चुलतीच्या अंगणात बसलेली. धाकटी अण्णांबरोबर गेली होती. ती तेव्हा दहावीत होती. गणितात तिचा हात माझ्यापेक्षा सफाईनं चालायचा, हे आमच्या शाळेतले मास्तर दर भेटीला सांगायचे आणि मला ते फारसं आवडायचं नाही. मार्चमध्ये तिचा पेपर होता तेव्हा ती उसाच्या फडात मोळ्या बांधत होती. एक हंगाम म्हणता म्हणता दुसरा आला, कारण आता अण्णांचा कोयता जमला होता आणि आईचा हात पुन्हा पहिल्यासारखा झालाच नाही. तिसऱ्या वर्षी टोळीतल्याच एका मुलाचा कोयता अडला, त्याला जोडी पाहिजे होती. कारखान्याच्या आवारातच दोघांचं लग्न लागलं. आमच्याकडं अशी लग्नं होतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. मी पहिल्या वर्गात पास झाले, नोकरीला लागले. लग्नाला मी गेले होतेसुद्धा, साडी घेऊन.

त्यानंतरची कितीतरी वर्षं मी स्वतःला एकच गोष्ट समजावत आले. मी शून्यतेच्या आडून नाही म्हणाले तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं. आईचा हात लवकर बरा झाला असता. रोजगार हमीचं काम निघालं असतं. मुकादमानं अर्धा कोयता घेतला असता. सगळ्या शक्यता मोकळ्या होत्या, आणि पुढं जे झालं ते पुढं झालं. माझ्या विषयानं मला या कामी फार मदत केली. मी तो जितका जास्त शिकवला तितकी ही समजूत घट्ट होत गेली, आणि तरी मन काही जागेवर बसेना. वर्गात मध्येच थांबायची. मुलं समजायची, मॅडम विचार करताहेत.

गेल्या दुष्काळात गेवराईकडच्या एका कॉलेजात माझं भाषण होतं. धाकटीची मुलगी तिथंच अकरावीत, म्हणून धाकटी आली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. माझ्या भाषणाला ती पहिल्यांदाच आली होती. मी मुलांना नेहमीचं उदाहरण दिलं. चपलांचा एक जोड घ्या, न बघता एकेक चप्पल दोन पिशव्यांत टाका, एक पिशवी बीडला पाठवा, एक अंबाजोगाईला. बीडच्या पिशवीत डावी निघाली तर अंबाजोगाईला उजवी आहे हे लगेच कळतं. यात नवल काही नाही, पिशवी बांधली तेव्हाच ते ठरलेलं होतं. कणांच्या जोडीचं मात्र असं नाही. तिथं बघेपर्यंत डावं-उजवं असं काही ठरलेलं नसतं; निदान चपलांसारखं साध्या रीतीनं ठरलेलं नसतं, हे प्रयोगांनी दाखवलं आहे. आणि इकडं बघितल्यावर तिकडं जुळणारंच निघतं, तरी मधून कुणाचा निरोप गेलेला नसतो. पालीच्या सरांचं म्हणणं याच्या शेजारी ठेवून बघा, पण दोन्ही एकच आहे असं म्हणू नका. टाळ्या झाल्या. पाहुणे उठले, आपल्याकडं आधीच होतं म्हणाले.

चहाच्या वेळी धाकटी मला बाजूला पायरीवर घेऊन बसली. तिचे हात मला एरवी बघवत नाहीत, त्या दिवशी मी मुद्दाम बघितले. बोटं जाड झालेली, अंगठ्याला जुना वण.

“कणाचं मला न्हाई कळलं, ताई,” ती म्हणाली. “चपलीचं कळलं.”

मी हसले.

“अण्णा त्या दिशी एकटेच यष्टीतून उतरले. मी फाट्यावर गेलते, तू येतीस म्हनून. मला कुनी काय सांगितलं न्हाई. घरी येऊन मी दप्तर बांधून फळीवर ठिवलं.”

“मला माहीत नव्हतं गं,” मी म्हटलं. हे वाक्य इतकी वर्षं मनात घोटलेलं होतं की आपोआप बाहेर पडलं. “मी नाही म्हणाले तेव्हा तुझ्यावर येईल असं…”

ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. आमच्याकडं बायका आभाळाकडं बघतात तसं, काही येतंय का ते बघत.

आणि मला ते खोटं पुढं रेटवेना. कारण अण्णा ‘बरं’ म्हणून पायऱ्या उतरले आणि फाटकापाशी पोचायच्या आत माझ्या डोळ्यासमोर तिचा चेहरा आला होता. आता ही जाणार. हा विचार शब्दांत नाही, पण स्वच्छ आला होता. मला हाक मारता आली असती, अण्णा पाठमोरे दिसत होते. तीनला माझं प्रॅक्टिकल होतं. मी वळून आत गेले. आमच्या घरात त्या दुपारी क्वांटम काही नव्हतंच. पिशवी बांधली तेव्हा कुठली चप्पल कुठं चाललीय, हे बांधणारीला ठाऊक होतं.

“माहीत होतं,” मी म्हटलं. “अण्णा फाटकाबाहेर जायच्या आधीच माहीत होतं.”

तिनं चहाचा कप खाली ठेवला. आता ही उठून जाईल आणि परत माझ्या दारात येणार नाही, असं मला वाटलं.

“मग तवाच कावून न्हाई सांगितलंस?” ती म्हणाली. “मी गेलेच असते. ताईनं धाडलं म्हनून गेले असते. मी आपली इतकी सालं समजत ऱ्हायले, का त्या टायमाला मी तुमा दोघांच्या ध्यानातच न्हवते.”

तेवढ्यात तिची मुलगी आली आणि आम्ही तिच्या अभ्यासाचं बोलू लागलो. पण त्या दिवसापासून माझं मन एकाच जागी आपटतंय. ती माझ्या ध्यानात होती. होती, आणि तरीही मी नाही म्हणाले. ध्यानात नसण्यापेक्षा हे तिला बरं वाटलं की जास्त लागलं, हे तिला विचारायला मी दोनदा फोन हातात घेतला आणि दोन्ही वेळा तिच्या मुलीच्या परीक्षेचं विचारून ठेवून दिला.