पार्किंग नसलेलं घर

मास्तरांनी जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवली. गावात कुणी गाडी मागे घेताना आरशावर विसंबून न राहता अख्खी मान मागे वळवली, की खुशाल ओळखावं, हा मास्तरांच्या हाताखालून गेलेला. शिकवताना असे ओरडायचे की बंद काचांतून आवाज फुटपाथवर यायचा. "अहो, क्लच आहे तो, झुरळ नाही! हळू सोडा!" आणि धडा संपला की त्याच माणसाला स्वतः चहा पाजायचे. राग नाकाच्या शेंड्यावर, पण पोटात काही नाही.

एकाच विद्यार्थिनीपुढे त्यांनी हात टेकले, ती म्हणजे त्यांची बायको. लग्नानंतर मोठ्या हौसेने त्यांनी तिला स्टिअरिंगवर बसवलं आणि दुसऱ्याच दिवशी ती भर चौकात गाडी बंद करून खाली उतरली. "माझ्यावर माझे वडीलसुद्धा असे कधी ओरडले नाहीत," म्हणाली, आणि दार आपटून पायी घरी गेली. तेव्हापासून बाईंनी कानाला खडा लावला. कुठे जायचं तर मास्तरांच्या गाडीतून, मास्तरांना वेळ असेल तेव्हा. नाहीतर पायी.

बाईंचं स्वतःचं काम दातांचं. दवाखान्यांतून तोंडाची मापं यायची, त्यात प्लास्टर ओतायचं, साचा काढायचा, मेणात एकेक दात बसवायचा आणि सगळं जमून आलं की फिरत्या ब्रशवर कवळीला चकाकी आणायची. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू बाईंच्या हातचं. मास्तर रस्त्यात कुणाला सांगायचे, "हसून दाखवा बघू. हे आमच्या हिचं काम!" त्या बिचाऱ्याला पळता भुई थोडी व्हायची.

तर या बाईंना मोठ्या शहरातून बोलावणं आलं. बाईंच्या जुन्या मालकांनी तिथे दातांची मोठी लॅब काढली होती आणि कवळ्यांचा सगळा विभाग त्यांनी बाईंच्या हाती द्यायचं ठरवलं होतं. बाईंना वाटलं, नवरा काही गाव सोडायचा नाही. पण मास्तर एका फटक्यात म्हणाले, "चल की! मलाही ओरडून ओरडून कंटाळा आलाय." आणि खरोखर त्यांनी गाडी शिकवायची शाळा आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या हवाली केली. बायकोच्या नोकरीसाठी बिऱ्हाड हलवणारा नवरा म्हणून गावभर कौतुक झालं. मास्तरांनी ते मुकाट्याने घेतलं.

खरी गोष्ट निराळी होती आणि ती एकट्या मास्तरांना माहीत होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, "समोरचं तुम्हाला दिसत राहील, पण नजरेच्या कडा झिजत चालल्यात. डावीकडची जास्त. आता गाडी बंद करा." मास्तर तिथून थेट गाडीत बसून घरी आले, आणि ही गोष्ट त्यांनी पोटात ठेवली. शाळा सोडली, कारण दुसऱ्याच्या लेकराचा जीव धोक्यात घालायचा नाही एवढी अक्कल शाबूत होती. पण स्वतःची गाडी? ती गेली की मास्तर गेला, मागे उरला नुसता चष्मेवाला म्हातारा! म्हणून गप्प. हट्टी माणसाचं हे असं असतं बघा. बाकी सगळं कळतं, स्वतःचं तेवढं कळत नाही.

शहरात घर दाखवायला जो तरुण एजंट मिळाला, त्याला मास्तरांनी पहिल्याच दिवशी 'होऊन जाईल' असं नाव ठेवलं. नळाला पाणी कमी येतं? होऊन जाईल. खिडकी बंद होत नाही? होऊन जाईल. या होऊन जाईलने त्यांना आधी शहराच्या टोकाला एका नव्या कोऱ्या इमारतीत नेलं आणि मास्तर गाडीतून उतरायच्या आतच हरखले. काय तो रस्ता! सरळ, रुंद, ताणून धरलेल्या चादरीसारखा, कुठे खड्डा नाही. इमारतीच्या पोटात पार्किंग, आत जायचा उतार कसा अलगद! मास्तरांनी उगाचच दोनदा गाडी आत-बाहेर केली. वर घर कसं आहे, याकडे लक्षच नाही.

"इथे दूध कुठे मिळतं?" बाईंनी विचारलं.

"गाडी काढली की पुढच्या सिग्नलला दुकान आहे ना, ताई."

"आणि गाडी काढली नाही तर?"

"होऊन जाईल," एजंट म्हणाला.

दुसरी जागा शहराच्या जुन्या भागात. गल्ली अरुंद, दोन्हीकडे झाडं, खाली बेकरी, औषधांचं दुकान, चप्पल शिवणारा, आणि बागेच्या पलीकडे बाईंची लॅब. फक्त पार्किंग नाही. गाडी उभी करायला जागा शोधत मास्तर गल्लीला घिरट्या घालत राहिले, प्रत्येक घिरटीला तोंड आणखी आंबट. बाई कधीच्या उतरून गेल्या होत्या. बऱ्याच वेळाने हातात गरम पाव घेऊन खिडकीशी आल्या. "अहो, मी घर बघितलं, शेजारीण भेटली, लॅबमध्ये डोकावून आले, पावसुद्धा घेतला. तुमचं काय चाललंय?"

"जागा शोधतोय!" मास्तर खेकसले. घर बघायला ते वर गेलेच नाहीत.

संध्याकाळी लॉजवर जुंपली. "त्या बोळात गाडी कुठे ठेवू, उशाखाली?" मास्तर म्हणाले. बाई म्हणाल्या, "विकून टाका." झालं! मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईंनाही आज माघार घ्यायची नव्हती. "जन्मभर मी तुमचा धडा संपायची वाट बघत बसले. साधी सुई आणायची तर तुम्ही मोकळे आहात का ते आधी बघा! आता मला माझ्या पायांनी जायचंय आणि माझ्या पायांनी परत यायचंय. यात काय चुकलं?" यात काहीच चुकलं नव्हतं, हे मास्तरांनाही कळत होतं. गाडी गेल्यावर आपलं काय उरेल, ही भीती मनात होती, पण ती बोलून कशी दाखवणार?

शेवटी बाईंनीच तोड काढली. "तुमच्या त्या रुंद रस्त्याच्या घरी उद्या आपण राहिल्यासारखं करू. मी दूध आणून दाखवते, पायी. जमलं तर ते घर तुमचं."

मास्तर खूश! होऊन जाईलकडून किल्ली घेऊन सकाळी दोघं तिथे पोहोचले. बाई पिशवी घेऊन निघाल्या. मास्तर फाटकाशी गाडीत बसून बघत राहिले. चालायला फुटपाथ असा नव्हताच, रस्त्याच्या कडेची मातीची पट्टी होती. दुकान समोर दिसत होतं, पण मधे तो चादरीसारखा रस्ता. बाई दुभाजकापर्यंत कशाबशा पोहोचल्या आणि तिथे अडकल्या. एक गाडी गेली की मागून दुसरी. कुणी थांबायला तयार नाही. का थांबतील? एवढ्या झकास रस्त्यावर मास्तरांनी तरी कधी वेग कमी केला होता? बाईंनी एक पाय खाली टाकला, मागे घेतला, पुन्हा टाकला. तेवढ्या अंतरावरूनही मास्तरांना दिसलं, की ती घाबरली आहे.

जाऊन तिला घेऊन येऊ म्हणून त्यांनी गाडी सुरू केली, मान सवयीने वळवली आणि फाटकातून बाहेर काढली.

धाडकन बॉनेटवर हात आपटला. मास्तरांनी ब्रेक दाबला तो त्या आवाजाने. दिसलं काहीच नव्हतं. डावीकडे, गाडीला जवळजवळ चिकटून, एक तरुण बाई बाबागाडी मागे ओढत होती. आतलं लेकरू गाढ झोपलेलं. ती बाई पांढरीफटक पडली होती. "डोळे फुटले का तुमचे?" ती किंचाळली. मास्तरांनी नुसते हात जोडले. ती शिव्या देत निघून गेली, आणि तिचं काहीच चुकलं नव्हतं.

बाई आता गाड्यांची पर्वा न करता रस्ता ओलांडून धावत आल्या. धाप लागली होती. "ती सरळ तुमच्या डाव्या बाजूने येत होती! मला तिथून दिसत होती. तुम्हाला दिसली नाही?"

उन्हाची तिरीप आली, असं म्हणायला मास्तरांनी तोंड उघडलं. ती थाप जिभेवर तयार होती. पण पाय अजून ब्रेकवरच होता.

"नाही दिसली," ते म्हणाले. "डावीकडचं मला दिसत नाही आताशा. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलंय. मी तुला बोललो नाही."

बाई रडल्या नाहीत. त्या भडकल्या. मास्तरांनी आयुष्यभर जितके लोक झापले असतील, त्या सगळ्यांच्या वतीने बोलल्यासारख्या त्या बोलल्या. "आणि मला शेजारी बसवून इथवर घेऊन आलात? त्या ट्रकांमधून? लाज नाही वाटली? मी इथे पायी जाण्यासारखं घर शोधतेय, ते कशासाठी? कामावरून चालत घरी यावं आणि घरात तुम्ही असावं म्हणून! धडधाकट नसलात तरी असावं. अर्धं दिसणारा नवरा मला चालेल हो, मेलेला नको आहे!"

मास्तरांनी गाडीची किल्ली काढली आणि बाईंच्या हातावर ठेवली. पण बाईंना गाडी कुठे येत होती! मग फोन करून होऊन जाईलला बोलावलं. तो येईपर्यंत दोघं रस्त्याच्या कडेला उन्हात उभी राहिली. थोड्या वेळाने बाईंनी जागा बदलली आणि मास्तरांच्या डाव्या हाताला जाऊन उभ्या राहिल्या.

एजंट आला तो बुचकळ्यातच पडला. "मास्तर, तुमच्यासमोर मी चालवू?"

"चालव. त्या जुन्या गल्लीत घे."

तो भीत भीत चालवू लागला. शेजारी बसून शिकाऊ माणसांच्या चुका काढण्यात मास्तरांचा जन्म गेलेला. वाटेत पोरानं दोनदा गिअर चुकवला, पण मास्तर काही बोलले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर पोरानं गाडी हळू केली. त्याला राहवेना.

"मास्तर, आधीच सांगतो, मागाहून बोल नको. इथे पार्किंग नाही. हे काही होण्यातलं नाही. तुमच्यासारख्या माणसानं गाडी ठेवायची कुठे?"

मागच्या सीटवरून हे उत्तर बाईंना देता आलं असतं, पण त्यांनी ते दिलं नाही.

मास्तरांनी खिडकीतून बघितलं. बेकरीसमोर दोन माणसं गप्पा मारत उभी होती, गल्ली अडवून. एरवी त्यांनी हॉर्नवर हात ठेवला असता.

"गाडी ठेवायची नाही," मास्तर म्हणाले. "मला नीट दिसत नाही रे. मी आता चालवत नाही."

बायकोव्यतिरिक्त कुणाला तरी त्यांनी हे पहिल्यांदा सांगितलं होतं. मग त्यांनी दार उघडलं, खाली उतरले आणि घर बघायला वर निघाले, आणि बाई मागून जवळजवळ धावतच गेल्या, कारण जिन्याच्या डाव्या बाजूला कठडा नव्हता.