खाटेपर्यंत नेलेली वायर

सोल्डरिंग करताना राळेचा धूर नाकात गेला की मला कर्जतजवळच्या सासरच्या घरातली एक दुपार आठवते. सासरे तरुणपणी पैलवान होते, पण आता त्यांना कमी ऐकू यायचं. त्यांच्यापुरता टीव्हीचा आवाज वाढवला की घरातले वैतागायचे, म्हणून त्यांनी कुस्त्या बघणंच सोडलं होतं. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली नवी सून. बाजारातून छोटं ॲम्प्लिफायर किट आणलं, टीव्हीमागच्या लाल-पांढऱ्या सॉकेटांतून वायर काढून किटला जोडली आणि तिथून हेडफोन त्यांच्या खाटेपर्यंत नेला. चालू केलं, तर नुसती घरघर. सासूबाई म्हणाल्या, “टीव्ही जाळशील बाई, राहू दे.” तरी मी वायरीची पिन उघडली. आत बाहेरच्या जाळीचा सोल्डरिंगचा डाग, म्हणजे सांधाच, सुटला होता. तो पुन्हा पक्का केला, हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला आणि आवाज हळूहळू वाढवला. त्यांचे डोळे मोठे झाले. “पोरी, पैलवानाला दम लागल्याला बी ऐकू येतोय,” म्हणत मांडीवर थाप मारून ते सरसावून बसले. सासूबाईंनी सवयीप्रमाणे कानाशी ओरडून विचारलं, “च्या घेताय का?” “घेतो, पण वरडू नको. कुस्ती ऐकू दे.” सासूबाई पदर तोंडाला लावून हसत चुलीकडे गेल्या, आणि मी मात्र जागीच उभी राहून सासऱ्यांकडे बघत होते. आज माझं दुरुस्तीचं दुकान आहे, तरी जोडलेल्या वायरीतून पहिला आवाज येईपर्यंत माझी छाती अजून त्या दुपारसारखीच धडधडते.