नवी केबल आणि सासूबाईंची सुतळी

मंडळी, बोलतेय मी, टाइप करतेय नात. चुका तिच्या, शहाणपण माझं.

आज सकाळी माझा मुलगा सुरेश आमच्या जुन्या पिकअपची झिजलेली एक्सलेटरची केबल बदलत होता. मला ऐंशीच्या दशकातली एक तिन्हीसांज आठवली. तेव्हा हाच सुरेश तान्हा होता, तापानं फणफणलेला. जासईहून याच पिकअपमधून डॉक्टरकडे निघालो आणि खाडीच्या बांधावर केबल तुटली. भरतीचं पाणी चढत होतं.

आमच्या ह्यांनी केबलच्या जागी इंजिनाला सुतळी बांधली आणि तिचं टोक खिडकीतून माझ्या हातात दिलं. जाळ्याची सुतळी, सासूबाईंनी वळलेली. त्यांना जाऊन महिनाही झाला नव्हता.

"मी सांगन तवा ओढ."

मी ओढलं, गाडी चालली. मध्येच पोरानं डोळे फिरवले, तसं मी त्याला दोन्ही हातांनी धरलं.

"हलू ओढ गो!" हे ओरडले.

"मी कुठं ओढतंय? सुतळी कवाच सुटली हातातून!"

बघितलं तर ती खिडकीबाहेर ताठ, अंधारात ताणलेली. डॉक्टरच्या दारात गाडी थांबली, तेव्हाच सैल पडली.

सासूबाईंनी जन्मभर माझ्या नावानं बोटं मोडली. नातवाचा हात मात्र मेल्यावरही सोडला नाही.

ती सुतळी आम्ही गाडीतच बांधून ठेवली. आज नवी केबल बसल्यावर सुरेश ती सोडायला गेला आणि बॉनेटखालूनच वैतागला, "आये, सोड ना! कशाला ओढतेस?"

मी तर ओट्यावर चहा पीत होते.

त्याला काय सांगू, तुम्हीच सांगा.