देवघराची वाळू

मद्रासला आल्यावर पहिल्याच रविवारी मी समुद्रावर गेलो. माणसे लाटांकडे पाहत होती आणि मी मूठभर वाळू हातात घेऊन बसलो होतो. आमच्या कृष्णाकाठची वाळू काळसर, खरबरीत, घट्ट मूठ वळली की तळव्यात टोचणारी. इथली पिवळट पांढरी, एकसारख्या दाण्यांची, बोटांमधून पाण्यासारखी सुटणारी. दोघींनाही आपण वाळूच का म्हणतो, असा प्रश्न मला पडला. त्यातली थोडी रुमालात बांधून मी खोलीवर आणली.

हे वेड अगदीच कारणावाचून नव्हते. मला नोकरीच तशी मिळाली होती. बांधकामाचे सामान तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी सहायक होतो. विटा, सिमेंट, खडी आणि वाळू घ्यायची, धुवायची, चाळायची, वजन करायचे आणि शेवटी दाबयंत्रात घालून फोडायची. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील शिंपी होते. त्यांना मी पत्रातून कळवले की मी दगड फोडण्याची नोकरी करतो, तेव्हा त्यांना चार दिवस झोप लागली नव्हती म्हणे. गावच्या हायस्कुलातले विज्ञानाचे मास्तर सांगत, "आधी हात लावून बघ, मग बोल." त्या एका वाक्यावर मला नोकरी मिळाली, असे मी आजही मानतो.

राहायला टी. नगरात एका तंजावरी मराठी कुटुंबाची माडीवरची खोली मिळाली. नवराबायको दोघेच. यजमान सरकारी कचेरीत हेडक्लार्क, निवृत्तीला आलेले. तिथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना मामा आणि त्यांच्या पत्नीला मामी म्हणत असे. ते मला तंबी म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहूनही घरात मराठी होती, पण ती पोथीतून उठून स्वयंपाकघरात आल्यासारखी. मामी पहिल्या दिवशी पानात रसवांगी, म्हणजे वांग्यांची आंबट आमटी, वाढताना म्हणाल्या, "तुझी मराठी वर्तमानपत्रासारखी आहे रे तंबी. भरभर वाचावी लागते." मी म्हणालो, "आणि तुमची?" मामाच मध्ये बोलले, "तिची ताम्रपटासारखी. एकदा कोरली की खोडता येत नाही!"

मामींचे सगळे आयुष्य भाड्याच्या घरांत गेले होते. घर बदलायची वेळ आली की सामान बैलगाडीत जाई, पण देव मात्र पितळी डब्यात घालून त्या स्वतः मांडीवर घेऊन बसत. नव्या घरात देवांना जागा मिळे ती कधी कोनाड्यात, कधी शिधा ठेवायच्या फळीवर. "देवास स्वतःची भिंत पाहिजे," एवढेच त्या म्हणत. म्हणून मामांनी वेलचेरीला जागा घेतली. तेव्हा वेलचेरी म्हणजे तळे, भाताची खाचरे आणि ताडाची झाडे. सैदापेटपर्यंत बस, पुढे बांधावरून चालत. मामांनी विटांऐवजी सिमेंटचे ब्लॉक ठरवले होते. मेस्त्रीने हाताने दाबायचा साचा आणला होता आणि जागेवरच ब्लॉक पाडायचे चालले होते. "विटेपेक्षा चौरस," मामा कौतुकाने म्हणत. फायलींच्या कडासुद्धा जुळवून ठेवणारा माणूस, त्यांना चौरस वस्तूंचे फार.

अडचण निघाली ती पुरटासीच्या महिन्यात, म्हणजे आपल्या भाद्रपद-आश्विनात. एका संध्याकाळी मामा साइटवरून आले ते तसेच झोपाळ्यावर बसले. हातात ब्लॉकचा एक कोपरा होता. नुसत्या अंगठ्याने दाबल्यावर त्यातून पीठ गळत होते.

"साच्याकडून भिंतीकडे नेताना एक पडला, त्याचे तीन तुकडे झाले," ते म्हणाले. "मेस्त्री सांगतो सिमेंट शिळें आहे."

सिमेंट तेव्हा परवान्यावर मिळे. मामांच्या परवान्याची पोती आली होती, त्यांतली अर्धी ब्लॉकांत गेली होती. नवा परवाना कधी मिळेल याचा नेम नव्हता, आणि ऐप्पसीचा, म्हणजे त्यानंतरच्या महिन्याचा मोठा पाऊस डोक्यावर. दमट हवेत उरलेली पोती दगड होऊन बसली असती. या भिंतींवर काँक्रीटचे छत घालायला मेस्त्री तयार नव्हता. वर नारळीच्या झापांचे छप्पर टाकू, असे त्याचे म्हणणे. मामी आतून दारात येऊन म्हणाल्या, "झापाखाली देव? मग हा पितळी डबा काय वाईट?" आणि त्या परत आत गेल्या.

या घरात मी आजारी पडलो तेव्हा मामींनी मिळगुरसम, म्हणजे मिऱ्यांचे सार, पाजून मला बरे केले होते. त्यांच्यासाठी काही करता आले तर ते सामान तपासून देणे हेच, असे मला वाटले. मी प्रयोगशाळेतल्या साहेबांना विचारले. ते म्हणाले, "सुट्टीच्या वेळात यंत्र वापर, पण फुटलेला चुरा नीट झाडून जा."

आधी सिमेंट तपासले. नमुना पोत्याच्या तळापासून घेतला होता. ते ताजे होते आणि व्यवस्थित घट्ट झाले. मग वाळू. साइटवरच्या ढिगातून पिशवीभर आणली. पालार नदीची वाळू, लॉरीने आलेली. काचेच्या बाटलीत पाणी घालून हलवली, ठेवून दिली. वर गाळाचा अगदी पातळ थर बसला. भिंगाखाली पाहिले तर काय दाणे होते! काही तुटक्या खडीसाखरेसारखे, काही गुलाबी, मधूनमधून काळा कण, मोठ्या दाण्यांच्या फटीत मधले, मधल्यांच्या फटीत बारीक. इतकी चांगली वाळू मी प्रयोगशाळेतही क्वचितच पाहिली होती. शेजारी समुद्राची ठेवली. ती सगळी एकाच मापाची, गुळगुळीत, साबुदाण्यासारखी. त्यात फटी भरायला कोणी लहान भाऊच नाही, वर मीठ. ती वापरली असती तर कोडे सुटले असते, पण तिचा तर इथे संबंधच नव्हता.

सिमेंट चांगले, वाळू चांगली, ब्लॉक कच्चा. मला दोन दिवस दुसरे काही सुचेना. खरे सांगायचे तर काळजीबरोबर एक प्रकारची गंमतही वाटत होती. मी ब्लॉकचा तुकडा भिंगाखाली धरला आणि चक्रावलो. आत गुलाबी दाणा नव्हता, मोठा दाणाच नव्हता. नुसती रांगोळी. ढिगातली वाळू आणि ब्लॉकमधली वाळू एक नव्हतीच!

दुसऱ्या दिवशी रजा टाकून सकाळीच वेलचेरीला गेलो. तळ्याच्या काठी मामी नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून बसल्या होत्या. समोर पाण्याच्या घमेल्यात धुतलेली वाळू, पलीकडे चटईवर वाळत टाकलेली, आणि दोन बायका बारीक जाळीच्या चाळण्यांतून ती चाळत होत्या. चाळणीत राहिलेला भरड भाग त्या पायवाटेवर फेकत होत्या. चिखल होऊ नये म्हणून. मी उभा होतो तोही त्याच भरड वाळूवर. खाली पाहिले तर पायाशी सगळे गुलाबी दाणे.

"अय्यो, ऑफिसास जायचें नाहीं कीं?" मामी म्हणाल्या.

"मामी, ही वाळू कशाला चाळता?"

"कशाला म्हणजे? देवघराच्या भिंतीच्या वाळूची पहिली पाटी घरच्या बाईने धुवून चाळायची, आमच्या घराण्यातली रीत आहे. सासूबाई सांगायच्या. मी म्हटलें, एका पाटीने काय होतें? भिंत देवाची, तसें घरही देवाचेंच. सगळी चाळते. भातांत खडा चालत नाहीं, भिंतींत कसा चालेल?"

मेस्त्री साच्याजवळून तमिळमध्ये म्हणाला, "अम्मांची वाळू लोण्यासारखी. साच्यातून ब्लॉक असा निसटतो!" तो खूष होता. ब्लॉक दिसायलाही सुरेख होते, कडा सुरीसारख्या. सगळे खूष होते, म्हणूनच कोणाला शंका आली नव्हती.

मी म्हणालो, "मामी, मला वाटतं खडे काढल्यामुळे ब्लॉक कच्चे होताहेत. पण नुसत्या वाटण्यावर सांगत नाही. करून पाहू."

मामींनी हातातली चाळणी खाली ठेवली नाही. "मी धुतलें तेंही चुकलें कीं?"

"नाही, धुतलं ते उत्तम. माती गेली."

"मग अर्धी मी बरोबर," त्या म्हणाल्या आणि पुन्हा चाळू लागल्या, पण आता हात सावकाश चालला होता.

त्याच दिवशी मेस्त्रीकडून दोन प्रकारचे ब्लॉक पाडून घेतले. एक चाळलेल्या वाळूचा, एक धुतलेल्या पण न चाळलेल्या वाळूचा. सिमेंट दोन्हींत सारख्याच मापाने. पाणी मात्र सारखे राहीना. बारीक वाळू कोरडीच राही, मेस्त्री पुन्हा पुन्हा तांब्या ओती. ब्लॉक घट्ट व्हायला आठवडाभर ओल्या पोत्यांखाली ठेवले. तोवर साइटवरचे काम थांबले. रोज संध्याकाळी मामा आकाशाकडे पाहत आणि मामी मामांकडे.

फोडायच्या दिवशी मी मामांना प्रयोगशाळेत बोलावले होते. मामीच पुढे आल्या, मामा मागून. "माझी वाळू आहे, मी पाहणार," त्या म्हणाल्या. यंत्राच्या तबकडीवरचा काटा त्यांना दाखवला. जितका दाब सोसेल तितका काटा पुढे जाईल.

आधी चाळलेला ठेवला. काटा थोडा सरकला आणि ब्लॉक काही आवाज न करता खचला, भिजलेल्या पापडासारखा. दुसरा ठेवला. काटा पहिल्याची खूण ओलांडून गेला, पुढे गेला, आणखी पुढे. मामांनी नकळत माझा दंड धरला. मग एकदम धाड् आवाज झाला आणि मामी "राम राम" म्हणत दोन पावले मागे सरल्या.

"तो पण फुटलाच कीं!" मामा घाबरून म्हणाले.

"फुटेपर्यंतच दाबायचं असतं मामा. पण काटा कुठे होता पाहिलंत ना? छताचं ओझं याच्या पुढे काहीच नाही."

मामी मात्र वाकून दोन्हींचे तुकडे पाहत होत्या. हातात घेऊन, नखाने कोरून. आणि अचानक हसल्या.

"अरे, हा लाडूच कीं!"

"लाडू?"

"पीठ बारीक दळलें तर तूप जास्त पितें. तूप तितकेंच घातलें तर लाडू वळतो, दिसतो छान, आणि ताटांत पडला कीं फुटतो. रव्याचा भरड असला कीं तितक्याच तुपांत दगड होतो. तुझें सिमेंट म्हणजे तूप. मीं पिठाचें घर बांधत होत्यें!"

दाण्यांचे पृष्ठफळ, फटींचे प्रमाण, पाण्याचे प्रमाण, हे सगळे मी पुस्तकात शिकलो होतो आणि परीक्षेत लिहिलेही होते. पण मामींच्या लाडवापेक्षा सोपे करून मला सांगता आले नसते. मामा गंभीरपणे म्हणाले, "तीस वर्षें तिचे लाडू खाल्ले, आज कळलें कीं आपण काँक्रीट खात होतों." मामींनी त्यांच्याकडे असे पाहिले की साहेबांच्या खोलीतूनही हसण्याचा आवाज आला.

पण घरी परतताना बसमधून उतरल्यावर मामींनी विचारले, "तंबी, आणि देवघराची पाटी? ती चाळायची रीत आहे."

मी म्हणालो, "रीतीचं मला कळत नाही. पण त्या भिंतीवरही छत येणार आहे."

दुसऱ्या दिवशी पायवाटेवरची भरड वाळू त्यांनी स्वतः सुपाने भरून घेतली, धुतली आणि चाळलेल्या वाळूत परत मिसळली. मेस्त्री कुरकुरला, कडा आता तितक्या सुबक येत नाहीत म्हणून. मामी त्याला म्हणाल्या, "कडा पाहायला देव येत नाहीं." आधीचे कच्चे ब्लॉक कुंपणाला आणि फुलझाडांच्या आळ्यांना गेले. उरलेली पोती जेमतेम पुरली. ऐप्पसीचा पाऊस पहिल्यांदा कोसळला तेव्हा छत घालून झाले होते आणि काँक्रीट ओले राहावे म्हणून त्यावर मेस्त्रीने बांधलेल्या पाण्याच्या आळ्यांत आभाळच भर घालत होते.

देवघराच्या पाटीचे त्यांनी काय केले, ते मला गृहप्रवेशाला कळले. पितळी डबा मांडीवर घेऊन मामी शेवटच्या बैलगाडीत बसल्या आणि वेलचेरीला उतरल्या. देवघराची भिंत सोडून सगळ्या घराला गिलावा केला होता. त्या भिंतीवर नुसता चुना. पांढऱ्याखाली दाणे दिसत होते, मोठे, मधले, बारीक.

"ती पाटी चाळली," त्या म्हणाल्या. "मग चाळणींत राहिलेलें आणि खाली पडलेलें, दोन्ही एकत्र घातलें. सासूबाईंनी चाळ म्हटलें होतें. टाकून दे कोठें म्हटलें होतें?"

देव मांडून झाल्यावर त्या प्रत्येक पाहुण्याला त्या भिंतीपाशी नेत. माझ्याही हाताला धरून नेले, जणू मी ती वाळू कधी पाहिलीच नव्हती.

"हात लावून पाहा," म्हणाल्या.

मी लावला. तळव्याला खरखरीत टोचले, कृष्णाकाठच्या वाळूसारखे.