दुकानातल्या माशाचे काटे

नकाशावर आमच्या नदीचं नाव स्कीना आहे. गोऱ्या खलाशांच्या जिभेला जेवढं पेललं तेवढं त्यांनी लिहून घेतलं. आमच्यासाठी ती क्सान, धुक्याची नदी, आणि तिच्यावरूनच आम्ही गितक्सान, म्हणजे क्सानची माणसं. हे मला मर्टल मावशीने शिकवलं, तेही मासे चिरताना, माझ्या हाताला नावं ठेवत.

दरवर्षी समुद्रातून नदीत चढलेला पहिला सॅल्मन मासा मावशीकडे यायचा. ती तो शिजवून घराघरात घास घास वाटायची आणि काटे गोळा करून नदीत सोडायची. काटे घरी पोचले की मासा पुन्हा येतो. त्यामुळे एखादा काटा कुत्र्याने पळवला तर मावशी कुत्र्याच्या मालकाचाही उद्धार करायची.

यंदा डोंगरावर बर्फच पडलं नाही. नदी आटली, पाणी कोमट झालं, सॅल्मन आले नाहीत. मावशीचा भाऊ, पर्सी मामा, खिडकीजवळच्या खाटेवर शेवटचे दिवस मोजत होता. रोज विचारायचा, "आला का गं?"

"येतोय. तुझ्यासारखाच आळशी मेला," मावशी म्हणायची.

मामाचं अन्न तुटलं तेव्हा तिने मला शहरातून सॅल्मन आणायला लावला, समुद्रातल्या पिंजऱ्यात वाढवलेला. मला तिचा राग आला. मरणाऱ्या माणसाला फसवायचं कशाला?

मामाने दोन घास खाल्ले. डोळे मिटून म्हणाला, "आला एकदाचा. काटे आत्ताच सोडून ये, मर्टल. पोरांना पुढच्या वर्षी मिळायला हवा."

आम्ही काठावर गेलो. काट्यांचा वाडगा हातात धरून मावशी नुसतीच उभी राहिली.

"याने क्सान कधी पाहिलीच नाही गं. सोडला तर हा जाईल कुठं?"

"मग दे टाकून."

"केरात? काटे?" ती माझ्यावर खेकसली, आणि मग वाडगा माझ्यापुढे धरला. "आईने हे नाही शिकवलं मला. तूच सांग, काय करू?"

सगळ्या गावाला शहाणपण शिकवणारी माझी मावशी मला विचारत होती. वर खिडकीतून मामा हात हलवून खुणावत होता, सोड, सोड.

मावशीने वाकून वाडगा पाण्यात उपडा केला.

"माफ कर रे बाबा," ती त्या माशाला म्हणाली, "तुला कुठं पाठवतेय, मलाच ठाऊक नाही."