इंदापुरातली खांदेरी

इंदापूरला फिरायला कोण जातं, असं वाटत असेल तर ही पोस्ट इथंच सोडली तरी चालेल. मी गेलो होतो, नव्वदच्या दशकात, आणि तेही रस्त्यावरची एक पाटी बघायला!

पाटी माझ्या अण्णामामांची. मामा मूळचे कोऱ्हाळे बुद्रुकचे, नौदलातून निवृत्त होऊन पुण्यात राहिलेले. इंदापूर ही त्यांची सासुरवाडी. तिथल्या एका नव्या रस्त्याला खांदेरीच्या लढाईचं नाव द्या म्हणून त्यांनी नगरपालिकेतल्या मेव्हण्यांचं डोकं खाल्लं होतं. खांदेरी म्हणजे मुंबईजवळचं ते बेट, जिथं शिवरायांच्या छोट्या होड्यांनी इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना जेरीस आणलं. शेवटी पाटी लागली, पण नेमकं तेव्हाच मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. आता नौदलातल्या जुन्या मित्रांचा मेळावा तोंडावर आला होता. ते मामांना 'कोरड्या मुलखाचा खलाशी' म्हणून चिडवायचे. पाटीखाली उभं राहून काढलेला फोटो त्यांच्यासमोर टाकायचाच, असा मामांनी चंग बांधला होता.

स्वारगेटहून पहाटेची एसटी पकडली. जेजुरीला गाडी थांबली तेव्हा भंडाऱ्यानं पिवळी झालेली अख्खी मंडळी आत चढली आणि माझा पांढरा शर्ट पहिल्याच तासात कामातून गेला. मामांनी खिडकीकडे सरकून स्वतःचा कडक इस्त्रीचा शर्ट तेवढा वाचवला. "प्रवासाला निघताना पांढरं घालू नये. साधी शिस्त आहे," ते म्हणाले. मामा नेहमी असं छापील बोलायचे.

नीरा गाव मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. कोऱ्हाळ्याचा फाटा आला तसे मामा अर्धवट उठून बघत राहिले. बारामतीत उतरून भाकरी, पिठलं आणि डोळ्यांतून पाणी काढणारा खर्डा खाल्ला. तिकडे गेलात तर खर्डा थोडा कमीच मागा. दोघं पोटभर जेवलो तरी खिशाला कळलंसुद्धा नाही. पुढची गाडी भवानीनगरला उसाच्या बैलगाड्यांमागे अडकली. मळीचा वास, कारखान्याची चिमणी, आणि माझ्या हातात नवा कॅमेरा. मी असा सुटलो की इंदापूर येईपर्यंत रोलात एकच फोटो उरला. मामांनी माझा जो उद्धार केला, तो इथं लिहिण्यासारखा नाही.

मुक्काम मेव्हण्यांकडे. रात्री उजनीच्या पाण्यातली तळलेली मासळी होती. "गोड्या पाण्यातला मासा," असं नाक मुरडत मामांनी तीनदा वाढून घेतली.

सकाळी मामा छातीवर पदकं लावून निघाले. मला हसू येत होतं, इतका तो माणूस खूश होता. रस्ता सापडला, खांब सापडला. पाटी मात्र वरपासून खालपर्यंत भंडाऱ्यानं माखलेली! त्यातून कसाबसा 'खांदेरी' एवढाच शब्द डोकावत होता. 'आरमारी लढाई मार्ग' पार गडप. खाली फुटलेल्या नारळाच्या करवंट्या.

खांबाशी मेथीच्या जुड्या लावत एक मावशी बसल्या होत्या.

"ह्ये कुणी केलं?" मामा कडाडले. मी चमकलो. मामांच्या तोंडून कोऱ्हाळ्याची बोली मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"आमीच की," मावशी हसून म्हणाल्या. "खंडेरायाची पाटी हाय न्हवं? जेजुरीवरनं आलं की उरलेला भंडारा हितं उधळतो."

"खंडेराया न्हाय, बाई. खांदेरी! समुद्रातली लढाई हाय ती."

"समुद्रात? कुणाची वो, आबा?"

मामा खाली बसले. मेथीच्या जुड्यांच्या होड्या झाल्या, दोन टोपल्या पालथ्या घालून इंग्रजांची जहाजं झाली. येणारेजाणारे थांबले. मामा हातवारे करून सांगत होते आणि मावशींचं गिऱ्हाईक बिनतक्रार ताटकळत होतं.

"मग जिंकलं कोण?" मावशींना राहवेना.

"आपुन! बेट न्हाय सोडलं."

मावशींनी कनवटीची पुडी सोडली. मला वाटलं, आता पदरानं पाटी पुसतील. त्यांनी मूठभर भंडारा पाटीवर उधळला आणि उरलेला मामांच्या कपाळाला फासला. मामांनी पुसायला काढलेला रुमाल तसाच खिशात गेला. "काढ फोटो," ते मला म्हणाले.

पुण्यात येऊन रोल धुतला. फोटोत मामा झकास आले होते. पाटीवर एकही अक्षर वाचता येत नव्हतं, नुसता पिवळा चौकोन. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामांनी मात्र तोच फोटो मेळाव्याला नेला. सोबत मीही होतो.

"अरे, यात लढाईचं नाव कुठंय?" एकानं विचारलंच.

मामा तिथं नेहमी छापील मराठी बोलायचे. त्या दिवशी नाही बोलले.

"जिंकल्यावर भंडारा उधळत्यात आमच्याकडं," ते म्हणाले. "एवढं बी म्हाईत न्हाय व्हय रं तुमाला?"