नमिताच्या लेकीचे उपास

नमिताबद्दल मला चांगलं बोलता येत नाही. मी अनिता, पेणला रामवाडीत ब्लाउज शिवते. माझ्या दुकानासमोरच्याच चाळीत ती राहते. माहेर रोह्याकडच्या खांब गावाजवळच्या खेड्यातलं, नवरा दत्तात्रेय रोह्याच्या कंपनीत शिफ्टला. बाई कामाला वाघ, हाताला चव, पण चार बायकांनी बरं म्हणावं म्हणून ही विहिरीत उडी मारेल आणि वर येऊन विचारेल, बघितलीत ना? तिची एकुलती एक लेक सुरभी. तिचं जे झालं ते सांगते.

सुरुवात माझ्याच दुकानात झाली. दोन वर्षांपूर्वी चुलत भावाच्या, रितेशच्या हळदीसाठी सुरभीचा ब्लाउज शिवायचा होता. पोरगी अकरावीत, अंगानं भरलेली, मासळी-भाकरी चवीनं खाणारी. मी माप घ्यायला तिचे हात वर करायला लावले, तर नमिता गिऱ्हाइकांदेखत म्हणते, "हिला टेलर पुरायचा नाय, मांडववाल्याला बोलवा." सगळ्या हसल्या. मीपण हसले, वर बोलले, "अस्तर जास्तीचं आण गो." पोरगी हात वर करून तशीच उभी. कान लाललाल झाले होते. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. ते हसू आठवलं की आजही मला माझीच शरम वाटते.

हळदीत ती नाचली. त्या रितेशनं तिचा नाच मोबाइलवर टाकला आणि खाली लिहिलं, हिच्या वरातीला टेम्पो लागणार. नवरदेव झाला तरी अक्कल आली नाही. भावकीतल्या झाडून सगळ्यांनी खाली हसरी तोंडं चिकटवली. नमितानं तो व्हिडिओ मलापण दाखवला, हसत हसत. लेकीची टिंगल झाली याचं तिला काही नाही, इतक्या लोकांनी बघितला याचं कौतुक.

मग सुरभीनं सोमवार धरला. मग गुरुवार, शनिवार, चतुर्थी. एकादशी आणि दुप्पट खाशी, हा आपला सगळ्यांचा धर्म. खिचडी, वेफर्स, रताळ्याचा कीस, वर केळी. ही पोरगी त्यातलं काही तोंडात घालायची नाही. कोरा चहा, तोही अर्धा कप. उरलेल्या वारी म्हणायची, कॉलेजात खाल्लं. नमिता दारात उभी राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायची, "माझी पोर कडक करते हो, पाणीसुद्धा मोजून पिते."

आणि बायका! ज्या तिला हसल्या होत्या, त्याच आता तिला आरतीचं ताट आधी देऊ लागल्या. कुणाकडे पूजा असली की सुरभीला बोलवा. आमच्या पोरी मोबाइलमधून डोकं काढत नाहीत, सुरभी बघा कशी. पोरीला जन्मात पहिल्यांदा कुणी चांगलं म्हणत होतं, आणि ते न जेवण्याबद्दल. सगळ्यांनी मिळून तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवली, आणि खाली बघायला कुणाला सवड नव्हती.

मला दिसत होतं. टेप खोटं बोलत नाही. बत्तीसची कंबर अठ्ठावीस झाली, मग पंचवीस, मग तेवीस. तेच ड्रेस मी चार वेळा आत घेतले. भर मे महिन्यात ती स्वेटर घालून यायची. हातांवर बारीक लव आलेली, डोक्यावरचे केस मात्र पुंजक्यानं जायला लागलेले. एकदा ट्रायलला आत उभी राहून, पोटाची कातडी चिमटीत धरून मला विचारते, "मावशी, अजून एक शिलाई मारता येईल?"

"कुठं मारू? हाडांवर?" मी चिडून म्हटलं.

तर ती खूश झाली. खरंच खूश झाली. तेव्हा मी घाबरले.

त्याच दिवशी नमिताला गाठून सांगितलं, हिला डॉक्टरकडे ने. म्हणाली, "तुझ्या पोटात दुखतंय गो. लोक माझ्या पोरीला मान देतात ते तुला बघवत नाय." दत्तात्रेयला सांगितलं. तो नाइट करून आलेला, जांभई देत म्हणाला, बायकांच्या उपासात मी काय बोलणार. घरात लेक वाळत चाललीय आणि हा जांभया देतोय. असला बाप असला काय, नसला काय.

या वर्षी नमिताच्या माहेरी घट बसले आणि सुरभीनं नऊ दिवस निव्वळ पाण्यावर काढायचं ठरवलं. नमितानं मलाही आग्रहानं नेलं, मिरवायला प्रेक्षक हवेत ना. मी गेले ती पोरीवर नजर ठेवायला. सातव्या माळेला आरती चालली होती, ढोल, धूप, दाटीवाटी. सुरभी पुढेच उभी होती. ती डुलली, डोळे वर गेले आणि धाडकन पडली.

चक्कर आलेल्या माणसाला वारा घालतात, पाणी मारतात. या शहाण्यांनी काय करावं? कुणीतरी ओरडलं, देवी आली. लगेच तिचे केस सोडले, मळवट भरला, लिंबू कापलं. आणि नमिता, जन्म देणारी आई, तिला उचलायचं सोडून तिच्या पायावर डोकं ठेवून मोकळी. मागे रांग लागली. एकीनं विचारलं, माझ्या विशालचं लग्न कधी जमेल. पोरीचे ओठ हलले. मी अगदी जवळ होते, मला ऐकू आलं. ती म्हणाली, "भात नको."

नमिताची आत्या रंभा लगेच अर्थ सांगायला बसली. देवीला भाताचा नैवेद्य नको, पेढे ठेवा. आणि एक जण पेढे आणायला पळालासुद्धा. मला हसावं की थुंकावं कळेना.

मी घुसले आणि तिचं मनगट धरलं. गार पडलेलं. नाडी लागता लागेना. तिला उचललं तर माझ्या दुकानातला कापडाचा गठ्ठा तिच्यापेक्षा जड असेल. रंभा म्हणाली, हात लावू नको, कोप होईल. म्हटलं, होऊ दे, माझ्यावर होऊ दे. विशालची रिक्षा बाहेर होती. त्याला म्हटलं, लग्नाचं मागून बघू, आधी रोह्याला दवाखान्यात चल. पोरगा गुमान निघाला. नमिता मागून येऊन बसली, ओटीचं ताट मांडीवर घेऊन.

दवाखान्यात डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, किती दिवस जेवत नाही? नमिता म्हणाली, "जेवत नाय असं नाय, उपास करते." पाळी येते का, त्यांनी विचारलं. तर ही हात जोडून म्हणते, "सात महिने नाय आली. देवीची कृपाच. पूजेला अडचण होत नाय."

डॉक्टरीण बाईंनी तिचे जोडलेले हात खाली केले. मग म्हणाल्या, हा उपास नाही, आजार आहे. ठोके चाळिसावर आलेत, अजून थोडे दिवस गेले असते तर हृदय थांबलं असतं. सलाईननं आज भागेल, पण हिच्या मनातली जाडीची भीती जायला महिने लागतील, आणि घरानं साथ दिली तरच. नमितानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सलाईननं उपास मोडतो का हो?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुरभी पेज घ्यायला लागली. एक चमचा घेऊन ती बराच वेळ डोळे मिटून बसली. कपाळावर घाम आला. मग दुसरा घेतला. तेवढ्यात दारातून रंभा आणि पाच-सहा बायका, नारळ, खण, पेढे घेऊन. नमितानं डोक्यावर पदर घेतला आणि वाट करून दिली. रंभानं चादरीवरूनच पोरीच्या पायांना हात लावला. सुरभीनं चमचा हळूच वाटीत ठेवला.

मी उठले आणि सगळ्यांना नारळासकट बाहेर काढलं. काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. दार लावून परत आले, तर सुरभी माझ्याकडे बघत होती.

"मावशी, मी जेवायला लागले तर ह्या येतील का?"

खोटं बोलायला हवं होतं. मला जमलं नाही. "नाय येणार," मी म्हटलं.

तिनं वाटी माझ्याकडे सरकवली आणि भिंतीकडे तोंड केलं. नमिता खोलीत नव्हती. बाहेरून तिचा आवाज येत होता. त्या बायकांना ती सांगत होती, राग मानू नका, दसऱ्याला हिला घरी आणतो, तेव्हा या दर्शनाला.